सासूबाईंचे उपास आणि माझे बटाटे

माझ्या सासूबाई देवभोळ्या कधीच नव्हत्या. लग्न होऊन मी जाफराबादला आले तेव्हा त्यांचे वर्षाला तीनच उपास असायचे. दोन मोठ्या एकादशा आणि महाशिवरात्र. तेही भगर आणि शेंगदाण्याची आमटी अशा थाटात, की पोरं उपासाची वाट बघायची. गल्लीतल्या बाया सोमवार-गुरुवार धरायच्या तेव्हा सासूबाई दारात बसून म्हणायच्या, "देवाला दुसरं काम न्हाई का, आपली भाकर बघत बसायला?"

तरी लॉकडाऊन लागल्यावर त्यांनी सोमवार धरला तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. रोगराई आलीय, म्हातारं माणूस घाबरलंय, देव आठवला असेल, असं मी धरून चालले. माझा नवरा जाफराबाद-टेंभुर्णी जीप चालवतो. ती जीप दारातल्या लिंबाखाली उभी होती आणि तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसत होत्या. घरात खाणारी तोंडं पाच. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी आणि मुलगा. रेशनचे गहू-तांदूळ येत होते, घरात थोडी ज्वारी होती, पण कितीही जपून वापरलं तरी तिसऱ्या आठवड्यात डबा वाजायला लागायचा.

सोमवारामागून गुरुवार आला. मग मारुतीचा शनिवार आला. एका मंगळवारी मी भाकरी थापत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी नको टाकू. पिंपळगावच्या रेणुकाईचा मंगळवार हाय." पिंपळगाव रेणुकाई हे त्यांचं माहेर. माहेरच्या देवीचा मंगळवार त्यांना एवढ्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. परातीत पाहिलं तर पीठ चारच भाकरींचं होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. रेशन आलेल्या आठवड्यात महादेव, मारुती, रेणुकाई सगळे गप्प असायचे. डबा तळाला गेला की एकेक जागा व्हायचा. उपासाच्या दिवशी म्हातारी दोन वेळा बिनदुधाचा चहा घ्यायची आणि मूठभर शेंगदाणे चघळत बसायची. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. एकदा दोरीवरचे कपडे काढता काढता त्या मटकन दगडावर बसल्या आणि ऊन लागलं म्हणाल्या. तेव्हा मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग पुन्हा राग आला, तो बरेच दिवस टिकला.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. मी सरळच विचारलं, "आत्याबाई, एवढे उपास कशाला? अर्धी भाकर तरी खात जा."

"देवाचं हाय ते. त्यात तू नको पडू."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला मी सांगू? ती मला अजून लाटण्यानं मारंल." बाहेर दहा जणांना दामटून जीपमध्ये बसवणारा माणूस आईपुढं असा मांजर होतो.

मग मी डोकं चालवलं. देवाचा उपास मोडता येत नसेल, पण उपासाला बटाटा तर चालतो. हातगाडीवरून भाजी विकणारे एक चाचा सकाळी गल्लीत यायचे. त्यांच्याकडून अर्धा किलो घेतले, दोन उकडले, मीठ-जिरं लावून सासूबाईंपुढं ठेवले. "ठेव, खाते मंग," म्हणाल्या. संध्याकाळी ते दोन्ही बटाटे पोरांच्या रश्श्यात सापडले. विचारलं तर म्हणाल्या, "बटाट्यानं मला वात होतो." पुढच्या खेपेला चार उकडले. चारही रश्श्यात. वात त्यांना जन्मात कधी झाला नव्हता.

तेव्हा मला कळून चुकलं की दोन-चार बटाटे असले की ही बाई ते वाटून टाकणार. टोपलीभर असले तर वाटून वाटून किती वाटेल? बटाटे एवढे हवेत की ते द्यायला माणूसच उरू नये. एवढे विकत आणण्याची सोय नव्हती. म्हणून मी ते घरीच लावायचं ठरवलं. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना म्हणाले, पोरांसाठी लावतेय.

खताच्या रिकाम्या गोण्या होत्या. त्यात काळी माती, शेणखत आणि नाल्यातली रेती कालवून भरली. कोंब आलेल्या बटाट्यांचे डोळे ठेवून तुकडे केले आणि लावून टाकले. वैशाख होता. आमच्याकडे वैशाखात पत्र्यावर पापड भाजेल असं ऊन असतं, पण उत्साहाला कुठं पंचांग असतं. दोन वेळा पाणी घालत होते. रोपं तरारली, गोण्यांवरून पानं ओसंडली, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायला लागले.

भिंतीपलीकडं जैन कुटुंब राहतं. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आले, कापडाचं दुकान टाकलं आणि इथलेच झाले. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळी गल्ली माँजी म्हणते. जमिनीखाली येणारं काहीच त्या खात नाहीत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर नाहीच. त्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय लावलं बेटा?" मी जरा चाचरतच बटाटे म्हणाले. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पत्ते तर बढिया आलेत."

पत्तेच बढिया आले होते. आखाड लागायच्या आधी गोण्या उलट्या केल्या तर आतून निघाल्या पोरांच्या खेळण्यातल्या गोट्यांएवढ्या सात-आठ गोळ्या. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "आता पाल्याचा उपास धरू का गं?"

भाजीवाल्या चाचांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाजी, आलू थंडी की चीज है. इत्ती गरमी में पत्तेच आते, आलू नै आता. दिवाली के टाइम लगाओ." एवढं साधं शहाणपण मला कुणी आधी सांगितलं नाही. खरं म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

पावसाळ्यात जीप सुरू झाली, पण माणसं बसायला घाबरत. अर्ध्या गाडीवर फेऱ्या व्हायच्या. सासूबाईंचे देव महिनाअखेर जागे होतच राहिले. मी दिवाळीकडं डोळे लावून बसले होते, तेही फराळासाठी नाही. दसरा झाल्यावर चाचांनी गाडीवरचे कोंबाळलेले बटाटे मला बाजूला काढून दिले. न्हाणीमागं थोडी मोकळी जागा आहे. ती खणली, वाफे पाडले.

या वेळी गंमत झाली. पोरांसाठी म्हटल्यावर सासूबाईंनी ते काम माझ्या हातातून काढूनच घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलेलं माणूस ते. मला पाणी घालताना बघून म्हणायच्या, "अगं, बुडवून मारती का त्याला? काळी माती हाय, पाणी धरून ठिवती." चुलीतली राख चाळून पानांवर टाकायच्या. रोपांच्या बुडाशी माती चढवायच्या आणि कोंबड्या आल्या की काठी घेऊन धावायच्या. आपल्याच तोंडात जायचा घास त्या एवढ्या निगुतीनं वाढवत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला त्यांच्याकडं बघून हसू यायचं.

महाशिवरात्रीच्या आधी वाफे उकरले. तीन टोपल्या भरल्या. काही मुठीएवढे, काही लिंबाएवढे, काहींना सासूबाईंच्या खुरप्याचा घाव. नवऱ्यानं शेजारी-पाजारी बोलावून दाखवले. माँजी मात्र त्या दिवशी भिंतीपाशी आल्या नाहीत. उकरताना जीव मरतात, ते त्यांना बघवत नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "हो गया ना सगळं? बच्चे खूश हायेत ना?"

महाशिवरात्रीला मी जाहीर केलं की आज सगळ्या घराचा उपास. एकादशी अन् दुप्पट खाशी हे पोरांना पाठच होतं, ती उड्या मारायला लागली. मी पातेलंभर बटाटे उकडले. अर्ध्यांची दाण्याचा कूट घालून भाजी केली, अर्ध्यांचे काप तव्यावर खरपूस केले. पाचही ताटं काठोकाठ भरली आणि पातेलं मधोमध ठेवलं, त्यात अजून होतेच.

सासूबाई बसल्या. सवयीनं त्यांचा हात नातवाच्या ताटाकडं गेला. तो म्हणाला, "आज्जी, नको ना. माझ्याच ताटात लई हाय." मग नातीकडं वळल्या. तिनं ताटावर हातच आडवा धरला. माझ्या नवऱ्याकडं पाहिलं तर त्याचं तोंड भरलेलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखी होती.

"तू लई चालू हायेस," त्या म्हणाल्या.

"देवाचं आहे ते आत्याबाई. त्यात मी नाही पडत."

त्या खाली मान घालून जेवल्या. दोनदा घेतलं. वात झाला नाही, आणि त्यानंतरही कधी झाला नाही.

मग मी पद्धतच पाडली. त्यांनी उपास धरला की सगळ्या घराचा उपास. त्यांच्या एका उपासाला पाच माणसांचं पीठ वाचायला लागलं आणि त्यांनाही पोटभर मिळायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं, जीप पुन्हा लिंबाखाली आली, पण या वेळी दोन टोपल्या आमच्या बाजूनं होत्या. बांगड्या हळूहळू मनगटावर आल्या.

तिसरी टोपली बियाण्याची. ती मी पलंगाखाली ठेवली होती. आमचं घर पत्र्याचं. उन्हं तापली तशी आठवड्यात वास सुटला, वरचे पाच-सहा बटाटे सडून गेले. दिवाळीपर्यंत एकही उरला नसता. मी अंगणात बसून चांगले-वाईट निवडत होते तेव्हा माँजींनी भिंतीवरून विचारलं. मी सांगितलं. त्यांचं घर जुन्या मातीच्या जाड भिंतींचं, भर दुपारी गार असतं, हे मला माहीत होतं. पण हे त्या घराकडं मागायचं नसतं हेही माहीत होतं.

त्यांनी भिंतीवरून वाकून टोपली पाहिली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही खाणार न्हाई ना? लावणार?"

"लावायचे आहेत माँजी."

"मंग इकडं द्या. रसोईत न्हाई ठेवणार. मागच्या खोलीत, कोपऱ्यात. त्यात जीव हाय म्हणून तर आम्ही खात न्हाई. जीव सांभाळायला कोण ना म्हणतो?"

त्यांच्या सुना काय म्हणाल्या असतील कोण जाणे. सासूबाईंनीच टोपली भिंतीवरून दिली आणि माँजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. मधूनमधून भिंतीपलीकडून हाक यायची, "तुमचा एक बच्चा बिघडला, घेऊन जा." दिवाळीला निम्मी टोपली परत आली, सुरकुतलेली, लांब पांढरे कोंब आलेली, पण जिवंत. ज्या घरानं बटाटा कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, त्या घरात आमचं बियाणं दर उन्हाळ्यात राहतं. माझ्या डोळ्यांत पाणी येतं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सासूबाई आता थकल्यात. उपास पुन्हा तीनावर आलेत. देव बघत बसत नाही असंही पुन्हा म्हणायला लागल्यात. वाफ्यापाशी पाट घेऊन बसतात आणि मला शिव्या देत खुरपं चालवतात.

गेल्या हिवाळ्यात मुलगी जालन्याला शिकायला गेली आणि त्याच महिन्यात जीपचं इंजिन बसलं. चार दिवस ओढाताणीचे होते. एका गुरुवारी मी परातीत पीठ घेतलं, पाहिलं, आणि भाकरी टाकता टाकता सहज म्हणाले, "माझी टाकत नाही आज. उपास आहे."

"कदीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"आजपासून."

त्या उठल्या. खुरपं घेऊन न्हाणीमागं गेल्या. बटाटे अजून पुरते भरले नव्हते, पंधरा दिवस तरी थांबायला हवं होतं. त्यांनी तरी दोन रोपं उपटली, मातीसकट बटाटे ओच्यात घालून आणले, धुतले, उकडले, सोलले. मीठ-जिरं लावलं. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि समोर पाट ओढून बसल्या.

"खा. मला नको शिकवू उपास."

मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही घ्या ना अर्धा."

"मला कुठं उपास हाय?" त्यांनी टोपल्यातली भाकरी उचलली, त्यावर चटणी घेतली, आणि माझ्याकडं बघत, सावकाश, अख्खी भाकरी खाल्ली.