काकींनी काढायला सांगितलेली नक्कल

लासुर्ण्याच्या सुमनकाकींवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्याला, सकाळी अकरा वाजता. त्या तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. बारामतीत बसलेल्या आमच्या कॅप्टनने एक बटण दाबलं आणि काकींच्या एकतीस सूचना न वाचता बंद झाल्या. खाली शेरा एकच: ‘सूचना नकोत, काम करा.’ त्या शेऱ्याला पसंतीचा अंगठा देणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची कधी, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळवणारं ॲप आम्ही बारामती-इंदापूरच्या पोरापोरींनी मिळून बनवलंय. ओपन सोर्स. कोड सगळ्यांसमोर उघडा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा सुचवावी. निदान भाषणात तरी आम्ही असंच म्हणतो. गटाचा म्होरक्या तो कॅप्टन.

काकींनी या कोडमध्ये एकही नवी ओळ लिहिली नाही. त्या फक्त काढायला सांगायच्या. कुठे दोनदा लिहिलेलं, कुठे वापरात नसलेलं, कुठे कुणालाच अर्थ न लागणारी नावं. गावच्या दूध संकलन केंद्रात वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसून, तिथला मोडका प्रोग्राम चालता ठेवता ठेवता त्या कोड वाचायला शिकल्या. “मला नवीन कायबी येत न्हाय,” त्या म्हणायच्या. “पर नको ते दिसतं.” गटातल्या शहाण्यांनी त्यांचं नाव ‘खुरपं’ ठेवलं होतं. काकींना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, “बरं हाय की. निदान धार तरी हाय म्हणता.”

दुसऱ्याच्या रानात शिरायचं तर बांधावरून हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. काकी कोडमध्येही तीच पाळायच्या. ज्याने ओळ लिहिली त्याला आधी फोन, मग सूचना. मला पहिला फोन आला तो असा:

“बाळा, तुझ्या लिखाणात ही सोनाली कोण?”

मी कोडमधल्या एका व्हेरिएबलला, म्हणजे आकडा साठवायच्या डब्याला, भलतं नाव देऊन ठेवलं होतं. म्हटलं, “काकी, ते... जुनं आहे.”

“हितं काय काम करती?”

“काहीच नाही.”

“आन् तितं?”

“लग्न झालं तिचं.”

“मग सोड की तिला. काढू?”

प्रत्येक सूचनेत त्यांच्या तीनच ओळी असायच्या. काय काढायचं, का काढायचं, आणि तिसरी: ‘मी चुकले तर कुणाचं नुकसान.’ ही तिसरी ओळ मी अजून दुसऱ्या कुणाच्या सूचनेत वाचलेली नाही. मोठमोठ्या पगाराची माणसं आमच्या गटात आहेत. कुणालाही हा प्रश्न पडला नव्हता.

आता त्या एकतिसांतली एक सूचना बघा. पूर्वी पाणी कालव्याच्या मुखाकडून शेपटाकडे सोडत, त्यामुळे शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचतच नसे. पाणीवापर संस्थेने ठराव केला, आधी शेपूट, मग मुख. आम्ही पाळीचा हिशेब बदलला, पण एकाच जागी. मोबाईलवर निरोप पाठवणाऱ्या भागात त्याच हिशेबाची जुनी नक्कल तशीच पडून होती. काकींना ती दिसली. रीतीप्रमाणे त्यांनी कॅप्टनला फोन केला, कारण ती नक्कल त्याचीच होती.

“चालतंय ना काकी? मग हात कशाला लावायचा?”

“चालतंय, पर चुकीचं चालतंय रं.”

“तुम्ही सारखे फोन करून डोकं खाऊ नका.”

काकींनी मग सूचना लिहून टाकली. तिसरी ओळ त्या वेळी त्यांनी फिरवली: ‘ही नक्कल नाही काढली तर शेळगावच्या शेपटाला पाळी चुकेल.’ दसऱ्याला बंद झालेल्या सूचनांत हीही होती.

पुढच्याच आवर्तनात, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटलं तेव्हा, पाळी चुकली. शेळगावच्या एका वहिनींना शनिवारचा निरोप गेला आणि पाणी आलं त्याच्या आधीच, गुरुवारी. बांधावर कुणी नव्हतं, पाणी ओढ्याला गेलं. पुढचं पाणी तीन आठवड्यांनी. टोमॅटोची नुकती लावलेली रोपं जागेवर करपली. वहिनींनी फोन करून एवढंच विचारलं, “निरोप तुमीच धाडला व्हता ना?”

मग कॅप्टनने काय केलं? काकींची बंद केलेली सूचना उघडली, त्यांनी सांगितलेला बदल जसाच्या तसा उचलला आणि स्वतःच्या नावावर चढवला. मथळा: ‘महत्त्वाची सुधारणा’. बारामतीच्या मेळाव्यात त्याला शाल मिळाली. टाळ्या आम्हीच वाजवल्या. काकींनी गटावर विचारलं, “ह्यात माझं नाव न्हाय का?” पाच मिनिटांत त्यांना गटातून काढलं. कारण दिलं, वातावरण बिघडवतात.

मी माफी मागायला लासुर्ण्याला गेलो. काकींनी चहा दिला, बसायला पोतं टाकलं. मी बरंच बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, “शाल त्याला लखलाभ. माझ्याकडं चार हायेत. पर शेळगावच्या त्या बाईला कळाय पायजे, की ही चूक कुणाला तरी दिसली व्हती. आमच्यातल्या कुणालाच दिसली न्हाय, असं तिला वाटू नये.” त्यांनी ॲपच्या कोडवरचं आपलं खातं बंद केलंय. उरलेल्या तीस सूचना तशाच पडल्यात. त्यांतली आणखी कुठली ओळ कुणाचं रान करपवणार आहे, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्हीही त्या वाचलेल्या नाहीत.

हे वाचणारे निम्मे लोक त्या गटात आहेत. तुम्हालाच विचारतोय, इकडेतिकडे बघू नका. कोड उघडा आहे, बदल करायचा हक्क तुमच्या हातात आहे. त्या सुधारणेवरचं कॅप्टनचं नाव आजच्या आज खोडा आणि लिहा: सुमनकाकी, लासुर्णे. मग शेळगावच्या वहिनींना फोन करून सांगा, की आम्हाला आधी सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही. आणि मग त्या तीस सूचना वाचायला बसा.