लीगचा हिशेब आणि नसीमचा शब्द

मैदान माणसांनी भरलं होतं आणि तिकिटांची पुस्तकं जशीच्या तशी टेबलावर पडून होती. वडीगोद्रीला, हायवेला लागून असलेल्या मैदानावर, मुलींच्या दोन टीमची फुटबॉल मॅच चालू होती. तिकीट चहाच्या किमतीएवढं. प्रवेशद्वार म्हणजे दोन बांबू आणि त्यावर कापडी कमान. कमानीच्या दोन्ही बाजूंना सगळं उघडंच. लोक कमानीला वळसा घालून येत होते, येताना तिकीटवाल्या माणसाला रामराम घालत होते. फसवण्याचा कुणाचाही विचार नव्हता. मैदानातला खेळ बघायला पैसे पडतात, हेच त्यांना नवीन होतं.

मी लिहून घेतलं: गेट, शून्य. तिकिटातून येणाऱ्या पैशाला गेट म्हणतात.

मी जालन्यात सीए आहे. सळईच्या मिल, जिनिंग, कोल्ड स्टोरेज अशांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करते. प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणजे धंदा सुरू करण्याआधी तो कागदावर चालवून बघायचा. कागदावर बुडाला तर शाई जाते, जमिनीवर बुडाला तर घर जातं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण फुटबॉल कधी माझ्या टेबलावर आला नव्हता.

तो आणला नंदूशेठनी. माझे जुने क्लायंट, रोलिंग मिलचे मालक. त्यांनी टीव्हीवर बायकांची मॅच पाहिली आणि डोक्यात किडा वळवळला. जिल्ह्याची महिला फुटबॉल लीग. तालुक्यागणिक एक टीम, प्रत्येक टीमला एक मालक, आणि मुलींना महिन्याच्या महिन्याला पगार.

"मॅडम, पैसा लावायला मी तयार हाये," ते म्हणाले. "पण आंधळा पैसा लावत न्हाई. तुम्ही सांगा, हे बसतं का न्हाई."

बसतं का, म्हणजे आकडे जमतात का. आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न.

मैदानं आणि मुली दाखवायला त्यांनी नसीम शेखला माझ्यासोबत दिलं. नसीम एका शाळेत तासावर खेळ शिकवायची. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. सकाळी मात्र ती गावोगावच्या मुली जमवून फुटबॉल शिकवायची, तेही फुकट. मुली आणि त्यांच्या घरचे तिला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. लीगसाठी मुली लागणार होत्या आणि जिल्ह्यात त्या एकट्या नसीमकडे होत्या.

माझ्या गाडीतून आम्ही फिरलो. पिंपळगाव रेणुकाई झालं, अंबडकडची गावं झाली. पहिल्या दिवशी ती मला मॅडम म्हणत होती, तिसऱ्या फेरीला ताई म्हणायला लागली.

"ताई, तुम्ही एकट्याच राहता का?" तिनं एकदा विचारलं.

"हो. आई गेल्यापासून एकटीच."

"मी पण एकटीच," ती म्हणाली. "म्हंजे घरात आठ माणसं हायेत. पण फुटबॉलचं कोणासंग बोलावं?"

मी हसले, पण ते मला बरोबर समजलं. माझे क्लायंट चांगले आहेत. मान देतात. त्यांच्या घरच्या लग्नात मला पुरुषांच्या पंगतीत बसवावं की बायकांच्या, हे त्यांना कळत नाही, म्हणून सगळ्यांच्या आधी वाढून मोकळे होतात. हॉलमध्ये रिकाम्या पंगतीत बसून मी कितीदा जेवले आहे. नसीमबरोबर धाब्यावर पिठलं-भाकरी खाताना ती ऑफसाइड म्हणजे काय ते मिठाची वाटी आणि मिरच्या मांडून सांगायची. मला ऑफसाइड शेवटपर्यंत कळलं नाही. तिची सोबत मात्र आवडायला लागली होती. पुढची साइट व्हिजिट कधी, याची मी वाट बघायला लागले होते. रोलिंग मिलच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं.

जांब समर्थला आम्ही रोहिणीच्या घरी गेलो. रोहिणी म्हणजे नसीमची सगळ्यात तेज खेळाडू. वडिलांनी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. नसीम ओसरीवर बसली, मी अंगणात उभी होते.

"चाचा, लीग सुरू होऊन राह्यली," नसीम म्हणाली. "पोरीला पगार मिळंल. महिन्याच्या महिन्याला."

"पक्कं का?"

"बिलकुल पक्कं. माझा शब्द हाये."

वडिलांनी नसीमपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाले, "मंग थांबतो एक साल. तुमच्या शब्दावर थांबतो बरं का, बाजी. त्या शेठला मी वळखत न्हाई."

असा शब्द नसीमनं घराघरात दिला होता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "नसीम, रिपोर्ट अजून व्हायचाय."

"व्हईल की, ताई. तुम्हीच तर करून राह्यल्या."

त्यानंतर नंदूशेठनी वडीगोद्रीला ही ट्रायल मॅच ठेवली. तिकीट कुणी घेतलं नाही, हे वर सांगितलंच. पण पुढे एक वेगळीच गंमत झाली. माईकवर जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक आणला होता. त्याला फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. थोडा वेळ तो गप्प बसला, मग त्याला राहवेना. रोहिणीनं गोल मारला आणि त्यानं कुस्तीत करतात तशी हाळी दिली, "जांबच्या वाघिणीला कोण इनाम लावतंय?"

झालं! खताच्या दुकानदारानं नोट वर केली. नाव पुकारलं गेलं. ते ऐकून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा असलेला त्याचा व्याही उतरला, त्यानं त्याच्याहून मोठी नोट लावली. मग रांगच लागली. लोक खेळ चालू असताना मैदानात शिरून मुलींच्या हातात पैसे देत होते. रेफ्री शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. त्याला वाटलं फाउल होतोय, लोकांना वाटलं तो टाळ्या वाजवायला सांगतोय.

नंदूशेठ खुर्चीतून उठले. "मॅडम, लिहा! हे बघा उत्पन्न!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरनं मला तक्ता पाठवला. एका मॅचचं इनाम गुणिले वर्षभराच्या मॅचेस. बेरीज झकास येत होती.

माझं काम अशा गुणाकारावर संशय घ्यायचं. मी परत वडीगोद्रीला गेले आणि त्या खताच्या दुकानदाराला विचारलं, "पुढच्या रविवारी मॅच असली तर इनाम द्याल का?"

"पुढच्या रविवारी कशाला?" तो म्हणाला. "जत्रा काय दर आठवड्याला भरती का?"

"आणि मुलीच्या हातात न देता लीगच्या ऑफिसात भरा म्हटलं तर?"

"ऑफिसात काहून? ऑफिस खेळलं का?"

त्याचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे इनाम खेळणाऱ्याचं असतं, आयोजकाला त्याला हात लावता येत नाही. लावला तर पुढच्या वर्षी कुणी खिशात हात घालत नाही. आणि जत्रा वर्षातून एकदा भरते म्हणूनच भरते. लीग म्हणजे मात्र दर आठवड्याला तेच मैदान, त्याच टीम, आणि लोकांना यायची सवय. सवय लागायला वर्षं जातात. तोवरचा खर्च कुणीतरी खिशातून करावा लागतो.

इनामाची ओळ मी खोडली.

मग स्पॉन्सर. म्हणजे जाहिरातीसाठी पैसे देणारे. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ, तेव्हा मी दारं वाजवली. सगळे चहा पाजत होते आणि सगळे एकच सांगत होते. त्यांचा जाहिरातीचा पैसा पेरणीच्या आधी सुटतो, म्हणजे भर मे महिन्यात. मे महिन्यात जालन्याच्या मैदानावर पोरींना पळवायचं म्हणजे त्यांना भाजून काढायचं. हिवाळ्यात मॅचेस घेतल्या तर कंपन्या टी-शर्ट आणि टोप्या देणार, रोख नाही. टोप्यांवर पगार होत नाही. टीम विकत घेणारे मालकही नंदूशेठ सोडले तर "बघू" याच्या पुढे जाईनात.

खर्चाची बाजू सोपी होती. प्रवास, मैदान, रेफ्री, डॉक्टर, विमा, आणि सगळ्यात मोठा आकडा मुलींचा पगार. मी कुठूनही मोजलं तरी लीग बसत नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. प्रोजेक्ट न बसणारा असला की आम्ही शेवटी एक पान जोडतो. सगळ्यात मोठा खर्च काढून टाकला किंवा कमी धरला तर काय होतं, ते त्यात बघायचं. मिल असेल तर विजेचं बिल अर्धं धरून बघतो. त्यानं मालकाला कळतं की दुखणं नेमकं कुठे आहे. शिकाऊ असल्यापासूनची ही हाताची सवय. मी ते पान केलं. पगार काढला, सामन्यामागे थोडं मानधन धरलं. लीग बसली. जेमतेम, पण बसली.

नंदूशेठच्या ऑफिसात रिपोर्ट ठेवला तेव्हा नसीमही होती. शेठनी सगळी पानं भराभर उलटली. ते शेवटून वाचतात.

"म्हंजे पगार काढला तर बसतं?"

"बसतं," मी म्हटलं.

"मंग काढा की! पोरींना खेळायला मिळतं, ते काय कमी हाये?"

नसीमनं ते पान ओढून घेतलं. वाचलं. शेठकडे तिनं पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पगार तुम्ही काढला?"

"नसीम, ते फक्त हिशेब म्हणून..."

"तुम्ही अंगणात उभ्या व्हत्या, ताई. मी काय सांगून राह्यले ते ऐकलं व्हतं ना?"

शेठ मध्ये पडले. "हे बघा, तुम्हाला हेड कोच करतो. तुमचा पगार चालू. मंग तर झालं?"

"मला पगार आन् पोरींना टोप्या?" नसीम उठली. "न्हाई, शेठ. मंग लीगच नको. माझ्या पोरी मी देत न्हाई."

ती गेली. शेठनी रिपोर्ट मिटला आणि सुस्कारा सोडला. दुःखाचा नव्हता तो. हौस फिटली आणि पैसा वाचला, असा होता.

चार दिवसांनी मी शाळेत गेले. नसीम मैदानात चुना टाकून रेषा आखत होती.

"घराघरात जाऊन सांगावं लागंल," ती म्हणाली, "की पगार न्हाई."

"मी येते तुझ्याबरोबर. गाडी आणते."

"नको, मॅडम."

ताईची मी पुन्हा मॅडम झाले होते. चुन्याचं घमेलं खाली ठेवून ती म्हणाली, "तुमचा हिशेब बराबर हाये. चूक माझीच, मी आधी शब्द दिला. पण शेठसमोर मी म्हणत राह्यले असते, पगाराशिवाय लीग व्हतच न्हाई. त्याला तेवढंच ठाऊक राह्यलं असतं. 'पगाराशिवाय बी व्हती' हे त्याला तुम्ही सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला काही वाटलं नसतं."

माझ्याकडे उत्तर होतं. ज्यानं फी दिली त्याच्यापासून आकडा लपवता येत नाही. मी ते उत्तर दिलंही. तिनं मान डोलावली आणि पुन्हा रेषा आखायला लागली.

लीग झाली नाही. रोहिणीचं लग्न त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच झालं. मला ते शेठच्या मॅनेजरकडून कळलं. नसीम अजून सकाळी मुली जमवते, असं ऐकते. शाळेवरून जाताना मी गाडी हळू करते, थांबवत नाही.

नंदूशेठनी फी पूर्ण दिली, वर मिठाईचा मोठा खोका पाठवला. घरी खाणारी मी एकटी. निम्मी मिठाई खराब झाली. कुठल्याही कार्यक्रमात भेटले की ते मला चार लोकांत पुढे करतात. "या मॅडमनी मला बुडताना वाचवलं." त्यांच्यामुळे मला नवे क्लायंट मिळाले. तो रिपोर्ट माझ्या सगळ्यात चोख कामांपैकी एक आहे, आणि उद्या पुन्हा करायची वेळ आली तर ते शेवटचं पान मी पुन्हा जोडीन. ते जोडताना मला त्रास होईल, पण जोडीन.

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी एक नियम सांगते. आपल्या आकड्याचा ज्याच्यावर परिणाम होणार आहे, त्याच्याशी दोस्ती करायची तर रिपोर्ट झाल्यानंतर करावी. मुलं मान हलवतात. रिपोर्ट झाल्यानंतर दोस्ती करायला समोर कुणी उरत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. ते त्यांचं त्यांना कळेल.