तेविसाऐवजी एकोणीस दाते

गाडीच्या मोटारीवर टेकवलेले बोट चटका बसताच वनाभाऊंनी मागे घेतले. जळगावात मेहरूणच्या मैदानावर रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांची निवड-शर्यत चालली होती. पाच मिनिटांत जास्तीत जास्त फेऱ्या मारणारे दोघे पुण्याच्या स्पर्धेला जाणार होते. वनाभाऊंच्या पंधरा फेऱ्या झाल्या होत्या. पहिली जागा धुळ्याच्या भूषणने जवळपास पक्की केली होती. दुसऱ्या जागेवर सोळा फेऱ्या आणि पाच मिनिटे अकरा सेकंदांसह अखिल होता. हा कापड-व्यापाऱ्याचा मुलगाच शर्यतीचा संयोजक होता. दुसरी आणि शेवटची धाव अर्ध्या तासावर आली होती. वनाभाऊंजवळ मोटार एकच होती.

वनाभाऊ चोपन्न वर्षांचे. धुळ्याकडून येऊन त्यांनी जळगावच्या एका डाळ-मिलमध्ये फिटर म्हणून तीस वर्षे काढली. रोलरला वेग हवा असेल तर मोटारीवरची पुली मोठी करावी, हे त्यांचे हात झोपेतही सांगतील. गाडी बांधतानाही त्यांनी तेच केले: मोटारीवर तेवीस दात्यांचे मोठे पिनियन, म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचे दातेरी चक्र, बसवले. सरळ पट्ट्यावर गाडी खरोखर सुसाट जाई. पण वळणातून उठताना ती कण्हत असे, मोटार तापे आणि वेग धरीपर्यंत पुढचे वळण येई.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी भागाबाई अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठी गिरन चालाडतस तुम्ही, आनि हाई बोटभर गाडी चालत नही?"

वनाभाऊ चिडले नाहीत. ते थबकले, मग जवळजवळ ओरडलेच, "गिरन सकाये एक डाव चालू व्हस! रिकामी! माल मंग टाकतस. हाई गाडी तं दर वळणवर नवी चालू व्हस, भरेल!"

गिरणी सकाळी एकदाच आणि रिकामी सुरू होते; गाडी मात्र प्रत्येक वळणावर भरल्या ओझ्यानिशी नव्याने सुरू होते. मला ही घटना एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दिवसभर एका चालीने फिरणाऱ्या यंत्रापाशी खरे ठरलेले होते. अनुभव नव्या कामात नेताना तो कोणत्या परिस्थितीत सिद्ध झाला याची आठवणही सोबत न्यावी लागते. ही आठवण आपल्या विद्यापीठांतही सहसा कोणी नेत नाही. वनाभाऊंनी ती पत्नीच्या एका टोमण्यावर मिळवली.

आता वेग थोडा कमी पण उठताना जोर जास्त देणारे लहान पिनियन हवे होते. ते अखिलच्या पेटीत होते.

"एकोणीस दात्यांचं आहे का, अखिलभाऊ?"

"आहे. पण माझ्या जागेवर डोळा ठेवून मागत असाल तर नाही."

"त्याच जागेवर ठेवलाय."

अखिल खळखळून हसला. "मग घ्या! सरळ पट्ट्यावर मात्र मार खाल."

"खाऊ द्या. वळणं सात आहेत, पट्टा एक."

पिनियन बदलले की मोटार सरकवावी लागते. दाते फार घट्ट बसले तर ओढ वाढते, सैल राहिले तर घासून जातात. वनाभाऊंनी पिनियन आणि चाकांकडचे मोठे दातेरी चक्र यांच्या मध्ये कागदाची पट्टी धरली, मोटार दाबून स्क्रू आवळले आणि पट्टी फिरवून बाहेर काढली. तिच्यावर दात्यांची बारीक, सारखी नक्षी उमटली होती.

शिट्टी झाली. पट्ट्यावर भूषणची गाडी पुढे निघून गेली आणि कोणीतरी हुर्यो उडवली. पण पहिल्याच वळणातून वनाभाऊंची गाडी उसळून बाहेर आली! दुसऱ्यातून, तिसऱ्यातून तशीच. आता ती कण्हत नव्हती, गुणगुणत होती. दहा फेऱ्या. बारा. भागाबाई मोठ्याने मोजू लागल्या, मग भोवतालचे सगळेच मोजू लागले. पाच मिनिटे संपली तेव्हा सोळावी फेरी चालू होती. चालू फेरी पुरी करायची आणि फेऱ्या सारख्या झाल्या तर कमी वेळ धरायचा, असा नियम होता. अखिलच्या हातात घड्याळ होते. स्वतःची दुसरी धाव त्याने आधीच उरकली होती आणि तिच्यात सुधारणा झाली नव्हती. गाडीने रेषा ओलांडली.

"पाच मिनिटं आठ," अखिल म्हणाला. घड्याळ त्याने सर्वांना दिसेल असे वर धरले.

 मग त्याने यादीतले स्वतःचे नाव खोडून वर वनाभाऊंचे लिहिले आणि गाडीजवळ वाकून मोटारीवर बोट ठेवले. ते बराच वेळ तिथेच राहिले.

"कोमट आहे, भाऊ! पुण्याला अजून एक दाता वाढवून बघा."

"ते मी पाहीन," वनाभाऊ म्हणाले.

भागाबाईंनी मध्येच जाण्याचा दिवस विचारला, "पुनाले कवय जानं शे?"