बांधणीला गेलेला खंड

लॉयर आग्बेको आठवडाभर अक्राच्या कोर्टात उभे राहत आणि शनिवारी सकाळी विद्यापीठात वर्ग घेत. समोर वीसेक जण, सगळे कायद्याची पहिली पदवी घेतलेले. जुने निकाल कसे शोधायचे आणि युक्तिवाद कसा लिहायचा, एवढंच ते शिकवत. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहीत: जे पान स्वतः उघडलं नाही, त्याचा आधार घ्यायचा नाही. ते वाक्य म्हणताना आवाज असा खाली आणत की मागच्या बाकावर मक्याचा वाफवलेला आबोलो खाणाऱ्याचाही घास हातात राही.

त्या वर्षी हरमाटनचा कोरडा वारा लवकर सुटला. वाचनालयातल्या पुस्तकांवर रोज वाळवंटाची धूळ बसे.

अभ्यास असा होता: चालू खटल्यातलं एक वाक्य घ्यायचं आणि ते मुळापर्यंत शोधत जायचं. कोर्टात कारकून असलेल्या सेफाकोर नावाच्या विद्यार्थिनीने निवडलं ते हे: खाडीकाठच्या जमिनीवर वीस वर्षं लेखी हक्क न सांगणाऱ्या घराण्याचा हक्क संपतो. याच वाक्याच्या जोरावर अगोरकोपेच्या मच्छीमारांची वस्ती उठवायची होती. निकाल पाचव्या आठवड्यात, गुरुवारी.

लॉयरनी दुसरं वाक्य सुचवून पाहिलं.

"मला हेच हवंय, सर," ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी तिने पाच वर्षांपूर्वीचा निकाल आणला. दुसऱ्या शनिवारी त्याच्या मागचा. दर वेळी ती एक पायरी खाली उतरे आणि लॉयर शाबासकी देत. खाली काय आहे, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते नवखे वकील होते. एका खटल्यात घाईने युक्तिवाद लिहून द्यायचा होता. आधाराचा, जुन्या निकालांचा खंड पुस्तकबांधणीला गेला होता, म्हणून थोरल्या वकिलाच्या टिपणावरून त्यांनी हेच वाक्य, खंड आणि पान उतरवलं. न्यायाधीशांनीही ते तसंच उचललं. एक वस्ती उठली. खूप वर्षांनी त्यांनी ते पान उघडलं, तेव्हा तिथे खाऱ्या माशांच्या पिंपांवरून झालेलं व्यापाऱ्यांचं भांडण निघालं. जमिनीचा शब्दही नव्हता. त्यांनी तो खंड घरी नेला आणि परत केला नाही. पुढच्याच वर्षी शिकवणं पत्करलं.

तिसऱ्या शनिवारी सेफाकोर म्हणाली, खंड जागेवर नाही. वर्ग हसला. बाजूचा म्हणाला, "उंदरांनी खाल्ला असेल, त्यांनाही पदवी हवी असते." लॉयर हसले नाहीत. कुठेतरी ठेवला गेला असेल, असं काहीसं पुटपुटले. ती म्हणाली, एफो कोमला नावाचे ग्रंथपाल पुस्तकं नेणाऱ्यांच्या सह्यांची जुनी कार्डं काढून देणार आहेत.

त्या आठवड्यात लॉयर कोर्टात दोनदा अडखळले. खंड त्यांनी गाडीत आणून ठेवला होता. धक्का बसला की मागून तो सरकल्याचा आवाज येई.

चौथ्या शनिवारी, निकालाला पाच दिवस असताना, ती वर्ग भरायच्या आधीच येऊन बसली होती. पुढ्यात पिवळं पडलेलं कार्ड.

"शेवटची सही तुमची आहे, सर."

"हो."

"आणि सगळ्यात पहिला युक्तिवादही तुमचाच. नाव सापडलं मला. पानावर काय आहे?"

लॉयर उठून गाडीपर्यंत गेले. खंड आणून टेबलावर ठेवला, तोवर वर्ग भरला होता. त्यांनी तिलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. ती पिंपांपर्यंत आली आणि थांबली.

"अगोरकोपेच्या वकिलाकडे सोमवारी जा," लॉयर म्हणाले. "शपथपत्र मी देतो. पहिल्या ओळीत माझं नाव लिही."

"मग तुम्हाला कोर्टात उभं राहू देतील?"

"बहुतेक नाही."

तिने कागद पुढे ओढला. लिहिता लिहिता तिने विचारलं, "आणि त्या पहिल्या वस्तीतली माणसं कुठे गेली?"

लॉयरनी पुस्तकावरची धूळ तळहाताने पुसली. वाचनालयातल्या कुठल्याही पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.