स्प्रिंगफील्ड बुद्रुक

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता अमेरिकेहून आलेल्या माणसाला त्याचाच पत्ता समजावून सांगणारा इसम गेल्या वर्षापर्यंत अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला मी पूर्वजन्मीचं काहीतरी मानतो. लग्न ठरवताना मी मुलगी पाहिली, सासरे पाहिले, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी खाऊन पाहिली. साडूही पाहून घ्यायचे असतात, हे मला कोणी सांगितलंच नाही.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही प्रताप नगरात राहतो, मध्ये दोनच गल्ल्या. त्या दोन गल्ल्या पुरेशा नाहीत हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. साडू हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल रवाना करण्याच्या खात्यात होते. सकाळी कंपनीच्या बसने जायचे आणि दिवसभर खोक्यांवर गावांची नावं लिहायचे. आता विदर्भात बोरगावं किती आणि पिंपळगावं किती, हे देवालाही नक्की सांगता येणार नाही. पण साडूंच्या हातून तीस वर्षांत एका बोरगावचा माल दुसऱ्या बोरगावला गेला नाही, असं ते सांगतात. खरं असावं, कारण ही गोष्ट त्यांनी मला शेकडो वेळा सांगितली आहे आणि तपशिलात एकदाही फरक पडलेला नाही. "नुसतं गाव लिहून आनलं का मी मालाची बिल्टी वापस करत होतो, साडूभाऊ. पहिले जिल्हा सांग, मंग तालुका सांग, मंग तुह्या गावाचं नाव घे."

कारखान्याने त्यांना शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं, पण ही सवय काही काढून घेतली नाही. मग त्यांनी ती अमेरिकेवर सोडली. आमच्या भागात दर दोन घरांमागे एक मूल अमेरिकेत आहे. त्या घरांतल्या आईबापांना मुलाच्या घरात न्हाणीघरं किती, गाडीचा रंग कोणता, कुत्र्याला कोणती लस दिली, हे सगळं तोंडपाठ असतं. राज्य कोणतं हे मात्र विचारायचं नसतं. साडू नेमकं तेच विचारायचे.

मागे शेजारच्या गल्लीत वास्तुशांत होती. एक निवृत्त अभियंते पंगतीत सांगत होते की त्यांचा मुलगा कोलंबसला घर घेतोय. साडू दोन पानं सोडून बसले होते. त्यांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

"कोनतं कोलंबस?"

"कोलंबस हो. अमेरिकेतलं."

"ते समजलं. ओहायोतलं, का जॉर्जियातलं? इंडियानातबी आहे एक. नेब्रास्कातबी आहे."

अभियंत्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने वाढप्याकडे पाहिलं. "मोठं आहे शहर," त्या म्हणाल्या.

"आपापल्या घरी सारेच मोठे असतात, ताई," साडू म्हणाले आणि पुन्हा मठ्ठ्याकडे वळले. अभियंत्यांची जिलबी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला फोन करून राज्य विचारल्याचं आमच्या कानावर आलं. मुलगा घाबरला म्हणे, बाबांना विसरण्याचा आजार सुरू झाला की काय.

या शास्त्राचं एक रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचं, कारखान्यातल्यासारखंच, उभ्या-आडव्या लाल रेघांचं. त्यात सेलम, फ्रँकलिन, ऑरोरा, आर्लिंग्टन अशी गावं ओळीने मांडलेली आहेत आणि प्रत्येकापुढे राज्य, जिल्हा, जवळचं विमानतळ. पॅरिस टेक्सासमध्ये आहे, मॉस्को आयडाहोत आहे आणि दिल्ली न्यूयॉर्क राज्यात आहे, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं आणि माझं काहीही अडलं नव्हतं. साडूंचं म्हणणं असं की अमेरिका चंद्रावर जाऊन आली, पण तिला बुद्रुक आणि खुर्द सुचलं नाही. "आपल्या अडाणी बुढ्याबापायले समजलं. मोठं ते बुद्रुक, लहान ते खुर्द. झगडा खतम." ही सुधारणा अमेरिकेने केली नाही म्हणून त्यांनी स्वतःच हाती घेतली. पोर्टलंडपाशी मात्र गाडी अडली. ओरेगॉनातलं पोर्टलंड मोठं, म्हणून ते बुद्रुक. पण मेन राज्यातलं पोर्टलंड वयाने थोरलं, आणि त्याच्याच नावावरून दुसऱ्याचं ठेवलेलं. थोरल्याला खुर्द कसं म्हणायचं? आठवडाभर साडूंना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी त्याच्यापुढे 'खुर्द, पण मान राखावा' असा शेरा मारला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही त्यांनी या विषयावर पत्र लिहिलं. वॉशिंग्टन नावाची इतर गावं वगळण्यासाठी पाकिटावर एवढा खुलासा केला की तिकिटाला जागाच उरली नाही. ते मागच्या बाजूला लावावं लागलं. उत्तर आलं नाही. "पत्र बरोबर वॉशिंग्टनला गेलं असेल ना?" असं मी सहज विचारलं, तर चार दिवस ते माझ्या घरी फिरकले नाहीत. ते चार दिवस फार सुखाचे गेले.

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, एकदा मी विचारलं की हे वेड लागलं कधी. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत गेला, स्प्रिंगफील्डला. साडूंनी मोबाइलवर स्प्रिंगफील्ड शोधलं. जे पहिलं आलं ते इलिनॉय राज्याची राजधानी. राजधानी म्हटल्यावर माणूस खूश. रोज उठून आधी तिथलं हवामान बघायचे, मग दात घासायचे. रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा, तेव्हा ते सांगायचे, "आज तुह्याकडं बरफ पडून राहिला, कानाले बांधून जात जा." मुलगा म्हणायचा, "हो बाबा." कधी म्हणायचे, "तुमच्याकडं पानी लय झालं ना?" तो म्हणायचा, "हो बाबा, खूप." असं आठ महिने चाललं. मग एके दिवशी त्या स्प्रिंगफील्डजवळ मोठं वादळ झाल्याची बातमी दिसली. मुलाचा फोन लागेना. साडूंनी अर्धं प्रताप नगर हलवलं. ज्यांची मुलं अमेरिकेत होती त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभे राहिले. संध्याकाळी मुलाचाच फोन आला. तो झोपला होता. "बाबा, ते वादळ इलिनॉयमध्ये. मी मिसुरीत आहे. मिसुरीतलं स्प्रिंगफील्ड वेगळं."

"मंग आठ महिने सांगतलं काहून नाई?" साडूंनी विचारलं.

"तुम्ही एवढ्या हौसेने सांगायचे," मुलगा म्हणाला. "म्हटलं, राहू द्या."

"तीस वर्षांत यायच्या हातून एक खोकं चुकलं नव्हतं," ताई म्हणाल्या आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेल्या.  साडूंचा उपद्रव सहन करायला त्यानंतर मला थोडा धीर आला, असं म्हणायला हरकत नाही.

तो धीर माझ्या मुलीच्या स्थळापर्यंत टिकला.

स्थळ चांगलं होतं. मुलगा शिकलेला, हसतमुख, सुट्टीवर नागपूरला आलेला. त्याच्या आईने फोनवर मला तीनदा सांगितलं होतं, "आमचा मुलगा हॉलिवूडला असतो." त्यांच्या इमारतीत तर असं पसरलं होतं की त्याच्या गच्चीतून नट्या दिसतात. मी बायकोला बजावलं की साडूंना यातलं अक्षरही कळता कामा नये. तिने मान डोलावली आणि बहिणीला फोन केला. पाहुणे येऊन बसले, पोह्यांवर खोबरं पडलं, आणि दारात साडू उभे. इस्त्रीचा सदरा घातलेला, आणि काखेत रजिस्टर.

त्यांनी फार शिस्तीने सुरुवात केली. नमस्कार केला, कुळ विचारलं, शेती विचारली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होतो. त्यांनी ते पोह्यांच्या आग्रहासारखं घेतलं.

"हॉलिवूड म्हनजे," ते म्हणाले, "कॅलिफोर्नियातलं का फ्लोरिडातलं?"

"हॉलिवूड एकच आहे," मुलाची आई म्हणाली. "सिनेमाचं."

"सिनेमाचं ते लॉस एंजेलिसमधली एक वस्ती. फ्लोरिडातलं मात्र सोतंत्र शहर आहे, समुद्राच्या कडेला." साडूंनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "तुमचं कोनतं?"

सगळे मुलाकडे पाहू लागले. तो कानापर्यंत लाल झाला. "फ्लोरिडातलं," तो म्हणाला. मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "मी सांगितलं होतं, आई. दोनदा सांगितलं होतं."

आतून हसण्याचा आवाज आला. ती माझी मुलगी होती.

मुलाच्या आईने पोह्यांची बशी बाजूला सरकवली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही मुलगी पाहायला आलो होतो, भूगोलाची परीक्षा द्यायला नाही." दोन दिवसांनी नकार आला. मी तडक दोन गल्ल्या ओलांडून साडूंच्या घरी गेलो आणि जे बोलायचं ते बोललो, जे बोलायचं नसतं तेही बोललो. शेवटी म्हणालो, "स्वतःचा मुलगा कुठे राहतो ते आठ महिने माहीत नव्हतं, आणि लोकांना विचारत फिरता."

 साडूंनी रजिस्टर बंद केलं आणि पाणी प्यायला आत गेले. ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता घरी जा बाप्पा तुमी."

दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. त्या काळात मला न विचारता दुसरंच काहीतरी चाललं होतं. त्या मुलाने माझ्या मुलीला निरोप पाठवला होता. त्याला आवडलं होतं ते आतून आलेलं हसू. त्याने आईला कसं वळवलं ते त्यालाच माहीत, पण लग्न झालं. विहीणबाईंनी मांडवात साडूंना ओळख दाखवली नाही. साडूंनी मात्र जावयाला आहेराबरोबर एक कागद दिला. त्यावर त्याच्या घराचा पूर्ण पत्ता होता, जिल्ह्यासकट, सुवाच्य अक्षरात. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो की मी त्या दिवशी बोललो ते चुकीचं बोललो. "बोलले तं बोलले," ते म्हणाले. "खोटं कुठं होतं."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने त्या दोघांना बोलावून घेतलं. तीन महिन्यांसाठी, मिसुरीला. आम्ही सगळे विमानतळावर पोचवायला गेलो. साडूंनी नवा स्वेटर विकत घेतला होता आणि मे महिन्याच्या उन्हात तो अंगात घालून उभे होते, कारण बॅगेत जागा नव्हती. मी मनाची तयारी केली की परतल्यावर निदान दोन वर्षं तरी सुटका नाही.

परत आले आणि काहीच बोलेनात. मी आपणहून गेलो. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. स्प्रिंगफील्ड कसं आहे, असं विचारलं.

"चांगलं आहे. रस्ते रुंद आहेत." त्यांनी खुर्ची सावलीत ओढली. "पोरगा सकाळी सातले जाते, सांजच्याले सातले येते. सून तशीच. गाव पाहाले त्यायले टाइम नाई. आम्ही दोघं घरातच."

"मग दिवसभर करत काय होता?"

"समोरच्या घरी एक म्हतारा होता. गोरा. एकटाच राहे. तो त्याच्या अंगनात खुर्ची टाके, मी इकडं टाकत होतो. मंग एक दिवस त्यानं मले हातानं बोलावलं." त्याची इंग्रजी साडूंना कळत नव्हती आणि साडूंची त्याला. तरी रोज दोन तास दोघं बसायचे. "त्याचाबी पोरगा दूर राहते. सेलमले. फोटू दाखवून नाव सांगे."

मी मनात म्हटलं, आता सुरू होणार. अमेरिकेतली सगळी सेलमं मला रजिस्टरमधल्या क्रमाने ऐकून पाठ होती. पण यादी काही आली नाही. शेवटी मीच विचारलं, "मग कोणतं सेलम, ते विचारलं असेल ना तुम्ही?"

"नाई."

"का बरं?"

त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. "कायले विचाराचं, साडूभाऊ. त्याले मालूम नसतं तं?"

ताई चहा घेऊन आल्या. आम्ही तो प्यालो. आता रविवारी सकाळी मुलाचा फोन येतो. आमच्या इथली सकाळ म्हणजे तिकडचं रात्रीचं जेवण झालेलं असतं. बोलणं संपत आलं की मुलगा फोन घेऊन समोरच्या घरी जातो आणि तो म्हाताऱ्याच्या हातात देतो. पाच-दहा मिनिटं दोघं बोलतात, साडू वऱ्हाडीत आणि तो त्याच्या इंग्रजीत. मध्ये मध्ये दोघं हसतात. काय बोलता म्हणून मी एकदा विचारलं.

"काई नाई," साडू म्हणाले. "तो त्याचं सांगते, मी माह्यं सांगतो."