मधली मोकळी जागा
पुडिंग घट्ट करायचं चायना ग्रास उकळायला लागलं की स्वयंपाकघरात समुद्रासारखा मंद वास येतो आणि मला सांगलीतली आमच्या कॉलेजची लॅब आठवते. हळदीच्या वाणांचा डीएनए तपासायचं काम होतं. अशाच, पण फार महाग पावडरीचं जेल ओतायचं, एका टोकाला कंगवा लावून खाचा पाडायच्या, त्यांत नमुने भरायचे आणि वीज सोडली की डीएनएचे पट्टे पुढं सरकायचे. पावडर संपत आली तसे सर म्हणाले, "निम्मे नमुने टाकून द्या." त्यांत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाण होते. माझं डोकंच फिरलं. आम्हाला हवे ते पट्टे जेलच्या पहिल्या अर्ध्यातच उमटायचे, पुढचं सगळं कोरं वाया जायचं. मिरजेत सतारी बनवणाऱ्या ओळखीच्या काकांकडून मी प्लास्टिकच्या पट्टीचा दुसरा कंगवा कापून आणला आणि मधोमध लावला, म्हणजे एकाच जेलमध्ये दुप्पट नमुने बसतील. "वरचे पट्टे खालच्यात घुसतील. ही लॅब आहे, शेत नाही," सर म्हणाले. "व्हय सर, पण आमच्यात उसाच्या सरीत कांदा घेतात. मोकळी जागा कुणी सोडत न्हाई." नमुने कुठवर सरकले ते कळावं म्हणून त्यांत निळा रंग मिसळलेला असतो; वरच्या ओळीतला तो रंग खालच्या ओळीला टेकायच्या आत मी वीज बंद केली, तोवर जागची हलले नाही. अतिनील दिव्याखाली दोन्ही ओळी स्वच्छ चमकल्या. सर म्हणाले, "उरलेले नमुनेही बाहेर काढा." ते मी सकाळीच फ्रीजमधून काढून ठेवले होते. आजही कुणी "एवढ्यात बसणार नाही" म्हणालं, की मी आधी मधली जागा बघते.