मामांनी राखलेला पोचा

मामांच्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या दरवाजाला पंजाएवढा पोचा होता आणि मामा त्याची निगा राखत. बाकीची गाडी ते ओल्या फडक्याने पुसत, पोच्याला मात्र गंज चढू नये म्हणून बोटाने खोबरेल चोळत. गॅरेजवाल्याने दोनदा सांगून पाहिलं, "मामा, अर्ध्या तासात ठोकून बाहेर काढतो, फक्त चहा पाजा." मामा म्हणत, "नाय काढायचा. पुरावा हाय तो."

तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. जव्हारचा घाट, तलासरीचे पाडे, पावसाळ्यात रस्ता कुठे आणि ओढा कुठे ते कळत नाही अशा वाटा. एवढ्या वर्षांत त्यांची बस कुणाच्या बैलगाडीलाही घासली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात देवाच्या फोटोंच्या रांगेत लावलेला होता. निवृत्तीनंतर त्यांनी ही छोटी गाडी घेतली. मी डहाणूत विम्याची एजंट, त्यामुळे दरवर्षी नूतनीकरणाला मी त्यांच्या घरी जायची. आडनावाने कधी हाक मारली नाही, सगळा कासा रस्ता त्यांना मामाच म्हणे.

घरात कुणीही आलं की मामांचा पहिला शब्द ठरलेला असे, "आधी कागद." लग्नाची पत्रिका असली तरी ते चष्मा लावून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. एकदा वाढवणच्या बंदराविरुद्धचं निवेदन घेऊन मंडळी सह्या गोळा करत आली होती. सगळ्या गावाने उभ्या उभ्या सह्या केल्या. मामांनी त्यांना बसवलं, दोन्ही पानं वाचली, एक शंका विचारली आणि मगच सही केली. "न वाचता केलेली सही माझी नसते गो बाय," ते मला म्हणाले, "ती समोरच्याची असते."

मी धंद्यात नवी होते, २०१४ची गोष्ट. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या हप्त्यात सवलत मिळते. ती चढत चढत पन्नास टक्क्यांवर थांबते आणि एक क्लेम केला की धाडकन शून्यावर येते. मामा पन्नासवर पोचले होते. ही सवलत क्लेमनंतरही टिकावी म्हणून थोडे जास्त पैसे भरून एक जोड घेता येते. गाडी जुनी झाली की ती मिळत नाही, म्हणून मी त्यांना घाई करत होते.

मामांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने आकडे मांडले. मग म्हणाले, "बाय, माझी गाडी लहान. जुनी झाली की सवलत पण लहान. तुझ्या जोडीचे पैसे पाच वर्षं साठवले तर त्यात नवा दरवाजा येतो. आणि मी तर ठोकणारच नाय, मंग राखायचं काय?"

"तुम्ही नाही ठोकणार मामा, समोरचा ठोकेल."

"मंग समोरच्याने भरावं."

हिशेब त्यांचाच बरोबर होता. छोट्या, जुन्या गाडीला ती जोड परवडत नाही. बारीकसारीक खर्च खिशातून करावा हे मी आजही लोकांना सांगते. मोठी महाग गाडी घेऊन डंपरच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याने मात्र ती जरूर घ्यावी. तशी मी एका गिऱ्हाइकाला तेव्हाच विकली होती. कासा रस्त्यावर लग्नाचा हॉल आणि सात डंपर असलेले भाऊ. माझा निम्मा धंदा त्यांच्या गाड्यांवर चालायचा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही काडीची दया नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुढच्याच वर्षी भाऊंनी हॉलच्या फाटकातून आपली मोठी गाडी मागे न बघता बाहेर काढली आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मामांच्या दरवाजात घातली. मामा आत बसलेले होते, गाडी बंद. भाऊ खाली उतरले, आपला फुटलेला दिवा पाहिला आणि म्हणाले, "इन्शुरन्स आहे ना? क्लेम कर आणि मोकळा हो." मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हाताऱ्यांना दिसत नाही, तरी गाड्या चालवतात."

हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मी भाऊंच्या ऑफिसात बसून त्यांचा क्लेमचा फॉर्म भरत होते. अपघाताचं कारण काय, म्हणून विचारलं तर ते मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "लिही, समोरच्याचं लक्ष नव्हतं." समोरचा कोण, हे मी विचारलं नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, "समोरील वाहनचालकाचे लक्ष नसल्याने." भाऊंनी न वाचता सही ठोकली.

दोन दिवसांनी मामांनी बोलावलं तेव्हा दरवाजा पाहिला आणि फॉर्ममधला समोरचा कोण ते मला कळलं. नुकसान पाहायला कंपनीचा सर्वेक्षक अजून यायचा होता, फॉर्म परत घेता आला असता. मी घेतला नाही. सात डंपर डोळ्यांसमोर होते, दुसरं काही कारण नव्हतं.

मामांनी क्लेम करायला साफ नकार दिला. "त्याने ठोकायचं आणि माझा पन्नास जायचा? परत चढायला पाच वर्षं. आणि कागद बघणारा म्हणेल, ड्रायव्हरने शेवटी ठोकलीच." मग त्यांनी मला सरळ विचारलं, "त्याने क्लेम केला?"

"केला."

"मंग त्याच्या कागदावर आता काय? शून्य?"

"नाही मामा. त्यांनी ती जोड घेतली होती. पन्नासच राहिले."

"आणि कारण काय लिवलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ते चष्म्यावरून बघत होते. मी वाक्य सांगितलं आणि अक्षर कुणाचं तेही सांगितलं. आत मामींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मामा बिल्ल्याकडे बघत म्हणाले, "चहा घेऊन जा."

मला वाटलं, आता हे दुसरा एजंट धरतील. धरला असता तर मी सुटले असते. मामांनी मला सोडलं नाही, हाच त्यांनी माझ्यावर उगवलेला सूड. दरवर्षी ते मलाच बोलवत, अंगणात पोच्याजवळ उभं करत आणि म्हणत, "वाच." मी त्यांच्या पॉलिसीवरचा आकडा वाचायची, पन्नास. "आता भाऊचा." तोही पन्नास. "म्हणजे दोघं सारखेच गो बाय," ते म्हणत आणि मामींना चहा टाकायला सांगत. त्या चहात साखर असूनही मला तो कधी गोड लागला नाही.

भाऊंवरचा सूड उघड्यावर चाले. हॉलवर लग्न असलं की मामा सकाळीच जाऊन फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुणाला अडचण होणार नाही अशी गाडी लावत. पोचा फाटकाकडे. स्वतः शेजारी स्टुलावर बसत. पाहुणे विचारत, मामा, हे काय झालं? मामा आवाज न चढवता, एक शब्द वाढवून न सांगता घडलं तेवढं सांगत. चिंचणीची वऱ्हाडं ते ऐकून जात आणि तिकडे जाऊन सांगत. भाऊंनी एकदा माणूस पाठवून दुरुस्तीचे पैसे देऊ केले. मामा म्हणाले, "पैसे नकोत. त्याला म्हणावं, कागद दुरुस्त कर."

भाऊंनी तो केला नाही. पण २०१८मध्ये त्यांनी एकाच वर्षात दोनदा गाडी ठोकली. पहिल्यांदा स्वतःच्याच हॉलच्या खांबावर, त्याचा क्लेम झाला. चार महिन्यांनी पुन्हा मागे न बघता गाडी काढली आणि चिकूचा टेम्पो ठोकला. सुदैवाने माणसाला लागलं नाही. जोडीत वर्षाला एकच क्लेम माफ होता. भाऊ म्हणाले, "मागच्या क्लेममध्येच घाल. तारीख तीच टाक. कारण तुला माहीतच आहे."

कारण मला माहीत होतं. मी खरी तारीख टाकली आणि खाली लिहिलं, "वाहनमालकाने मागे न पाहता गाडी मागे घेतल्याने." फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. "भाऊ, वाचून घ्या."

"तू लिहिलंयस ना?"

"मीच लिहिलंय. तरी वाचा."

त्यांनी सही ठोकली.

क्लेमचे पैसे त्यांना मिळाले. नूतनीकरणाच्या वेळी सवलत शून्य आली. फोनवर ते मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. महिन्याभरात सातही डंपर माझ्याकडून गेले. घर चालवायला मला दुसऱ्या दोन कामांच्या मागे धावावं लागलं, पण भाऊंचा फोन आला त्या रात्री मी तीन वर्षांत झोपले नव्हते तशी झोपले.

मी मामांकडे गेले आणि काय लिहिलं ते शब्द न शब्द सांगितलं. त्यांनी मला तेच वाक्य कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवायला लावलं. चष्मा लावून ते तीनदा वाचलं. "अक्षर तुझंच," ते म्हणाले. "तीन वर्षं लागली त्याला सरळ व्हायला." दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले आणि पोचा काढून घेतला.

दोनेक महिन्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मामांनी आपणहून गाडी विकायला काढली. सगळ्यात मोठी काळजी त्यांना सवलतीची. "बाय, गाडीबरोबर ती पण जाते का?"

"नाही मामा. ती मालकाची असते, गाडीची नाही. कंपनी तसं पत्र देते. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर चालतं."

दुसरी गाडी ते घेणार नव्हते, दोघांनाही माहीत होतं. तरी मी पत्र आणून दिलं. त्यांनी ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, काच लावून घेतली आणि बिल्ल्याखाली टांगलं.

वर्ष सरायच्या आत मामा गेले. तेराव्याला भाऊ आले. सगळ्यांच्या तेराव्याला जातात, तसे. मी लगबगीने पुढे होऊन त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, बरोबर त्या पत्रासमोर. त्यांची नजर वर गेली, तशी मी म्हटलं, "वाचा ना भाऊ." आयुष्यात पहिल्यांदा बहुधा त्यांनी कागद पूर्ण वाचला.

मामी चहा घेऊन आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र अगदी साधा. "आमच्या ह्यांचे पन्नास राहिले," त्या म्हणाल्या. "तुमचे किती हो भाऊ?"

भाऊंनी कप तसाच खाली ठेवला आणि चपला शोधू लागले.

"शून्य, मामी," मी सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यांचे शून्य."